माइंडफुलनेसवर रिसर्च करून अकॅडमिक करिअर होतं का?

रातकिडा: सायकॉलॉजीत एमए करतेय, पीएचडी माइंडफुलनेस थेरपीवर करायची मनापासून इच्छा आहे पण घरचे म्हणतात ध्यानधारणेवर कुणी प्रोफेसर होतं का. एखादं खरं उदाहरण सांगाल?

निळीशाई: ब्रिटिश सायकॉलॉजिस्ट मार्क विल्यम्स बघ. केंब्रिज, मग वेल्समधलं बँगोर, मग ऑक्सफर्ड. सुरुवात ध्यानापासून नव्हतीच, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या पेशंटच्या आठवणींपासून होती. 'आनंदी' सारखा शब्द द्यायचा आणि त्यावरून एखादा ठरावीक प्रसंग विचारायचा, तर ही माणसं "फिरायला गेलो की बरं वाटायचं" असं मोघम सांगायची, नेमका एक दिवस सांगताच यायचा नाही. पुढे नैराश्य परत परत का येतं या प्रश्नावर झिंडेल सेगल आणि जॉन टीझडेल या सायकॉलॉजिस्टबरोबर माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा कोर्स बांधला, २००० सालच्या ट्रायलमध्ये तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांत नुसत्या नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्के लोकांना रिलॅप्स झाला, म्हणजे नैराश्य परत आलं, कोर्स केलेल्यांत ३७. केवढा फरक आहे बघ!

खिडकीपाशी: +१, पण सगळीकडे चालतं असं धरू नकोस. ऑक्सफर्डच्याच टीमने ब्रिटनमधल्या शाळांत माइंडफुलनेस शिकवून मोठी ट्रायल केली, २०२२ ला निकाल आला, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही आणि त्यांनी तो तसाच छापला. अशा लोकांच्या हाताखाली शीक. स्टॅट्स पक्कं कर, आणि इथे पेशंट बघायचे असतील तर आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशनचं आत्ताच बघून ठेव.