मदत हवी आहे: परभणीचा मे महिना, माळवदाची खोली आणि ७० हजारांत गेमिंगचं यंत्र

नमस्कार मंडळी,

धाकटा भाऊ दोन वर्षं लातूरला नीटच्या क्लासला होता. खानावळीचा डबा, एका खोलीत तिघं, भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक. मी काही बोललो नव्हतो, तरी पहिल्याच महिन्यात त्यानं फोनवरून बीजीएमआय हा गेम स्वतःहून काढून टाकला. त्याला तिथं सोडून निघताना मी शब्द दिला होता की पेपर झाला की घरी चांगलं गेमिंगचं यंत्र आणीन, निकाल काहीही लागो. आता मे तोंडावर आलाय. मी वाळूजला कंपनीत आहे, सत्तर हजार बाजूला काढून ठेवलेत. पैसे जमले, पण काय घ्यावं ते ठरेना.

घर परभणीत आहे, अडचण तिथूनच सुरू होते. पीएस ५ (सोनीचा टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल) च्या माहितीपुस्तिकेत सरळ लिहिलंय की भोवतालचं तापमान ५ ते ३५ अंश असावं. स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्राबद्दलही ते बनवणाऱ्या वॉल्व्हनं ० ते ३५ हेच सांगितलंय. त्याची चिप १०० अंशांवर गेली की वेग कमी करते आणि १०५ ला यंत्र स्वतःच बंद होतं. आमच्याकडे मेमध्ये दुपारी बाहेर ४३-४४ असतं. रात्री दहालाही स्लॅबची भिंत हाताला गरम लागते. मी आजवर जेवढी परीक्षणं वाचली आणि पाहिली, ती सगळी एसीत बसून केलेली. पंखा किती आवाज करतो, सेकंदाला फ्रेम (चित्रं) किती मिळतात, सगळं मोजतात. खोली किती गरम होती हे कुणीच सांगत नाही. आमच्यासाठी तोच आकडा सगळ्यात आधी लागतो.

मागच्या मेमध्ये मी स्वतः हे भोगलंय. सुट्टीला घरी आलो, वरच्या खोलीत लॅपटॉप लावला. पहिली दहा मिनिटं ६० फ्रेम, मग ४०, मग २५ च्या आसपास येऊन थांबलं. खालून स्टँड लावला, बॅटरीची सेटिंग बदलली, सगळं करून पाहिलं. आई पाणी घेऊन वर आली अन् म्हणाली, "त्याला बी ऊन लागायलंय बाबा, ठेव जरा खाली." तिचं बरोबर होतं. लॅपटॉप खालच्या खोलीत नेला आणि त्याच गेममध्ये पुन्हा ५५ च्या वर गेला.

आता त्या खालच्या खोलीबद्दल, कारण तुमचा सल्ला मला मुख्य तिच्यासाठीच हवाय. ती जुन्या वाड्याची उरलेली माळवदाची खोली आहे. दोन हात रुंद भिंती, वर लाकडी किलच, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. भर उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की जीव थंड होतो. पण माळवद म्हटलं की माती आलीच. वरून बारीक पांढरी धूळ सतत झिरपते. सकाळी झाडलं की संध्याकाळी पलंगावर पुन्हा पातळ थर. म्हणजे वर ऊन, खाली धूळ. गेमिंगच्या यंत्राचा पंखा तासाला किती हवा ओढतो ते तुम्हाला ठाऊक आहे. ती धूळ आत गेली की जाळीवर नमद्यासारखा थर बसतो आणि थंड खोलीचा फायदा दोन महिन्यांत संपतो.

मी काय काय पाहिलंय आणि कुठं अडलोय ते सांगतो.

पीएस ५ माझ्या मनात पहिली आहे. भारतात ती फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आली होती, आता तिच्या डिस्कवाल्या बारीक आवृत्तीला, स्लिमला, त्याहून जास्त मोजावे लागतात, तरी माझ्या रकमेत बसते. डिस्क असणं माझ्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे. घरी केबलवाल्याचं नेट ४० एमबीपीएसचं आहे. १०० जीबीचा गेम उतरवायला सलग साडेपाच तास लागतात, आणि वानरांनी तार ओढली की दोन दिवस नेटच नाही. डिस्क घातली की निदान मोठा भाग तिच्यावरून कॉपी होतो, नेटवरून फक्त अपडेट. शिवाय खेळून झाली की विकता येते. संभाजीनगरला जुन्या डिस्क घेणारे-देणारे आहेत, एका नव्या डिस्कच्या पैशात मी दोन-तीन गेम फिरवतो. म्हणून डिस्क नसलेली डिजिटल आवृत्ती मी पहिल्यांदाच बाद केली. भावाला जीटीए ६ खेळायचाय आणि तो पीएस ५ व एक्सबॉक्स सीरिजसाठीच जाहीर झालाय, पीसीचं नाव अजून नाही. हेही एक कारण.

तिची काळजी वाटते ती विजेच्या भुकेमुळे. मोठा गेम चालू असताना साधारण २०० वॅट. वीज आमच्याकडे संध्याकाळी हमखास जाते, वादळी पावसाच्या दिवसांत तर चार-चार तास. घरी १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे. कागदावर १२ गुणिले १५०, म्हणजे १८०० वॅट-तास. इन्व्हर्टरमधली घट धरली आणि बॅटरी तळापर्यंत उतरवायची नाही असं ठरवलं, तर मी हजार-अकराशेच हातात धरतो. कन्सोल २००, टीव्ही ९०, पंखा ७५, एकूण ३६५. तीन तास झाले की सगळं घर अंधारात, आणि अण्णांना रात्री पंख्याशिवाय झोप येत नाही. हे मला पटत नाही.

तिथं मायक्रोसॉफ्टचा लहान कन्सोल, एक्सबॉक्स सीरिज एस, पुढं जाते. खेळताना ७५ वॅटच्या आसपास, पीएस ५ च्या निम्म्याहूनही कमी. उष्णताही तेवढीच कमी, कारण यंत्र जेवढी वीज खातं तेवढी सगळी शेवटी खोलीत उष्णता होऊनच बाहेर पडते. हे लोक विसरतात. २०० वॅटचं यंत्र म्हणजे खोलीत दिवसभर पेटलेले दोन जुने १०० चे बल्ब. पण सीरिज एसला डिस्क नाही, आणि ५१२ जीबीतली वापरायला साधारण ३६४ च मिळते. तीन मोठे गेम बसले की जागा संपली. प्रत्येक वेळी एक उडवून दुसरा साडेपाच तास उतरवत बसायचं, हे आमच्या नेटवर जमणारं नाही.

गेमिंग लॅपटॉपबद्दल थोडक्यात: नाव पाहून कुणी घेऊ नका. आरटीएक्स ४०५० हेच नाव ३५ वॅटच्या ग्राफिक्स कार्डालाही असतं आणि ११५ वॅटच्या कार्डालाही, आणि दोघांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुकानदाराला वॅट विचारले तर त्याला सांगता येत नाहीत. भावाला पुढं कॉलेजात लॅपटॉप लागेलच, म्हणून तो विचार पूर्ण सोडलेला नाही. पण तापण्याचं जे मी पाहिलंय त्यानंतर मन धजत नाही.

हातात धरून खेळायचं यंत्र मात्र मला मनापासून आवडतं. आसूसचं आरओजी अलाय भारतात जुलै २०२३ मध्ये ६९,९९० ला आलं. स्टीम डेक आपल्याकडे अधिकृतपणे विकायलाच नाही; बाहेरून मागवलं तर बिघडल्यावर जायचं कुठं? अलायचं काही झालं तर निदान तपोवन एक्स्प्रेसनं संभाजीनगरला घेऊन जाता येईल. वीज जाते तेव्हा बॅटरीवर चालू राहतं, टीव्ही लागत नाही, ३०-४० वॅटमध्ये भागतं. आणि आमच्या घराला साजेशी आणखी एक गोष्ट: उचलून नेता येतं. उन्हाळ्यात खाली माळवदात आणि मृग लागला की वर स्लॅबमध्ये. पाऊस लागला की माळवद कुठं ना कुठं गळतं, त्या खोलीत जून ते सप्टेंबर मी विजेची कुठलीच वस्तू ठेवणार नाही. पण मोठा गेम लावला की ४० वॅट-तासांची बॅटरी तास-दीड तासात बसते. आणि एकट्यानं खेळायचं यंत्र आहे ते.

हा शेवटचा मुद्दा माझ्यासाठी मोठा आहे. आम्ही लहान होतो तेव्हा टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओगेम होता. एका कॅसेटवर ९९९९ गेम लिहिलेले आणि फिरून फिरून तेच दहा-वीस. काँट्रा दोघांनी मिळून खेळायचो. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए दाबलं की तीस जीव मिळायचे. हा क्रम भावाला मी शिकवला तेव्हा त्याला अजून अक्षरओळखही नव्हती. ते डबडं कधी तापलं नाही, व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी चालत राहायचं. मला पुन्हा तसंच दोघांनी एका टीव्हीसमोर बसायचंय. गेल्या दिवाळीत मी माझ्या लॅपटॉपवर स्टारड्यू व्हॅली लावला होता. एरिक बॅरोन या एकाच माणसानं सगळा बनवलेला, २०१६ चा गेम. अण्णा मागं येऊन बसले, अर्धा तास बघितलं अन् म्हणाले, "एवढंच पाणी टाकलं तर येतंय का रे पीक?" मग दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, "तुझं ते वावर कुठवर आलं?" असं घर एकत्र बसतं ते मला हवंय. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं २०२० मध्ये काढलेला राजी हा गेम मला सगळ्यांसोबत मोठ्या पडद्यावर बघायचाय. म्हणून चाळीस-साठ-एकशेवीस फ्रेमच्या वादात मी पडत नाही. कथेच्या गेमला सलग ३० मिळाल्या तरी मी समाधानी आहे. ६० वरून २५ वर कोसळणं मात्र नको.

तर नेमकी मदत अशी हवी आहे. माळवदाच्या किंवा धाब्याच्या घरात कुणी कन्सोल वापरलाय का, आणि धुळीचं काय केलंत? दुसरं, त्या खोलीत कूलर लावला तर त्याच्या ओलाव्यानं यंत्राचं नुकसान होतं का? माझा अंदाज असा की यंत्र हवेपेक्षा गरम असल्यामुळे त्याच्यावर पाणी साचणार नाही, पण आमचं बोअरचं पाणी जड आहे, कूलरच्या जाळीवर पांढरे क्षार चढतात, त्याची भीती वाटते. तिसरं, इन्व्हर्टरवर वीज बदलताना कन्सोल बंद पडतो का? यूपीएस मोडवर ठेवला तर पुरेल की वेगळा यूपीएस घ्यावा? आमचा इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा आहे.

भर, दुसरा दिवस

इतक्या लवकर इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

नांदेडच्या ज्या ताईंनी "आधी खोलीचं तापमान मोजा, मग यंत्र निवडा" असं लिहिलं, त्यांचं लगेच ऐकलं. भावाला दीडशे रुपयांचं तापमापक आणायला लावलं. दुपारी चारला वरच्या खोलीत ४१, माळवदात ३३. कूलर न लावता! म्हणजे माहितीपुस्तिकेच्या ३५ च्या आत आपण बसतोय. हा आकडा वाचून मी ऑफिसात एकटाच हसत होतो.

आर्थिंगबद्दल ज्यांनी विचारलं त्यांना: तुम्ही बरोबर पकडलंत. त्या खोलीतल्या सॉकेटला आर्थिंग नाहीच. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, ते मी इतके दिवस साधं समजत होतो. वायरमन दादा रविवारी येऊन मीठ-कोळसा घालून नवी प्लेट पुरणार आहेत. त्यांनी सांगितलं की आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की आर्थिंगही कोरडं पडतं, म्हणून आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं. भावाकडे ते काम दिलंय.

भर, चौथा दिवस

धुळीवर उपाय आईनं काढला. जुन्या घरांत माळवदाखाली कापडी छत बांधायचे, माती त्यात अडकावी म्हणून. आमच्याही खोलीत तुळयांना त्याचे खिळे अजून आहेत. तिच्याकडे जाडंभरडं मांजरपाट आहे, ती आणि काकू मिळून शिवायलेत. दर महिन्याला सोडून झटकायचं. पीएस ५ ला बाजूचं झाकण काढलं की धूळ साठायचे दोन कप्पे असतात, ते व्हॅक्यूमनं ओढता येतात, ही माहिती देणाऱ्या भाऊंचेही आभार.

त्यामुळे आता पीएस ५ स्लिम, डिस्कवाली, यावर मी जवळपास आलोय. बॅटरीवर ती चालवायची नाही. वेगळा लहान यूपीएस घ्यायचा, वीज गेली की गेम सेव्ह करून पाच मिनिटांत व्यवस्थित बंद. मधेच बंद पडली तर पुढच्या वेळी स्टोरेज दुरुस्त करत बसते, आणि तासाभराचं खेळलेलं जाऊ शकतं. पावसाळ्यात वर न्यायची.

एकच गोष्ट राहिलीय. भावाला ती भिंतीतल्या देवळीत ठेवायचीय, तिथं आजी कंदील ठेवायची. देवळी एक फूट खोल आहे, आणि स्लिम साधारण २१.६ सेंटीमीटर. मागं नऊ सेंटीमीटरही उरत नाहीत, पुस्तिकेत भिंतीपासून निदान १० सोडायला सांगितलंय. शिवाय तीन बाजूंनी भिंत, गरम हवा मागं फेकली तर तीच फिरून पुढून आत जाणार. मला ते योग्य वाटत नाही, मी समोर लाकडी स्टूल ठेवायला सांगितलंय. पण त्याचं मन त्या देवळीवर बसलंय. दोन वर्षांनी घरी आलाय, त्याला नाही म्हणायच्या आधी विचारतो: देवळीच्या मागच्या भिंतीला चार इंची भोक पाडून लहान एक्झॉस्ट पंखा बसवला, तर चालेल का? भिंत मातीची आहे, पलीकडं गोठा आहे. असं कुणी केलं असेल तर कृपया फोटोसह सांगा. पेपर रविवारी आहे.