आतडी छातीत असलेल्या बाळाला नायट्रिक ऑक्साइड: खरंच उपयोग होतो का?

म्हसरूळकर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक आवाहन फिरतंय. नाशिकमध्ये जन्मलेलं बाळ, श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला) जन्मतः भोक, आतडी डाव्या छातीत, व्हेंटिलेटरवर. नायट्रिक ऑक्साइड गॅससाठी वर्गणी मागितली आहे. मी दिली, त्याबद्दल वाद नाही. पण खाली लिहिलंय 'गॅस मिळाला की बाळ वाचेल'. हे लिहायला नको होतं.

या आजारात आतड्यांनी जागा अडवल्यामुळे फुप्फुसं गर्भातच खुरटतात. हवेच्या पिशव्या कमी, रक्तवाहिन्या कमी, आणि ज्या आहेत त्यांच्या भिंती जाड. त्यामुळे फुप्फुसांतला रक्तदाब चढतो, रक्त फुप्फुसांना टाळून पुढे जातं आणि बाळ निळं पडतं. हा गॅस आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतो. ज्या तयारच झाल्या नाहीत त्या कुठून आणणार? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या गॅसच्या चाचणीत या आजाराची ५३ बाळं होती. गॅस दिलेल्यांत मृत्यू घटले नाहीत. उलट एक्मोवर (रक्त शरीराबाहेर काढून त्यात प्राणवायू भरणारं यंत्र) जाण्याची वेळ त्यांच्यावरच जास्त आली. १९९९ मध्ये अमेरिकेत या गॅसला मंजुरी मिळाली, ती पूर्ण किंवा जवळपास पूर्ण दिवसांच्या, फुप्फुसांचा दाब वाढलेल्या नवजातांसाठी. त्यांच्यात तो काम करतो. त्या यशाचं श्रेय या बाळांच्या बाबतीतही गृहीत धरलं जातंय.

रात्रपाळी
काका, मी एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नर्स आहे. असहमत.
५३ बाळं म्हणजे किती लहान चाचणी! आणि सरासरीत फायदा दिसला नाही, म्हणजे एकालाही झाला नाही असं नसतं. गॅस सुरू केल्यावर तासाभरात सॅच्युरेशन (रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण) चढलेलं मी पाहिलंय. ढिम्म न हललेलंही पाहिलंय. म्हणून तर आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात, गॅस लावतात, प्रतिसाद बघतात, आणि नसेल तर हळूहळू कमी करत काढतात. हळूहळूच, कारण झटक्यात बंद केला तर दाब उसळून येतो. बाळ वाचेल की नाही हे गॅस एकटा ठरवत नाही, मान्य. पण ऑपरेशनपर्यंत बाळ स्थिर करायला वेळ लागतो, आणि तो वेळ कधीकधी यातून मिळतो.

म्हसरूळकर
इकोचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं. यातल्या काही बाळांच्या हृदयाची डावी बाजूपण लहान किंवा दुबळी असते. फुप्फुसांतल्या वाहिन्या उघडल्या की सगळं रक्त त्या दुबळ्या कप्प्यावर येऊन आदळतं. तिथे मिलरिनोन हे औषध जास्त पटतं, ते हृदयाच्या आकुंचनालाही हात देतं आणि वाहिन्याही सैल करतं. ग्रुपवरच्या लोकांना यातलं काय माहीत?

सिडको_मेडिकल
गॅस नाही तिथे सिल्डेनाफिल आहे की. गोळी स्वस्त, कुठेही मिळते. चिठ्ठी घेऊन आलेले वडील काउंटरवर आवाज खाली करून विचारतात, 'हे बाळासाठीच आहे ना?' कारण गोळीची ख्याती दुसऱ्याच कामासाठी, व्हायग्रा म्हणून. मी सांगतो, फुप्फुसांचा दाब उतरवायलाही हेच औषध वापरतात. गरिबाच्या बाळाला हे तरी मिळू द्या.

रात्रपाळी
दादा, गोळी कुटून नळीतून द्यायची, पण या बाळाचं पोट (जठर) कधीकधी छातीतच असतं. आतडी फुगू नयेत म्हणून आम्ही त्याच नळीने ते सतत रिकामं करत असतो. औषध अंगात किती उतरलं, कोण सांगणार? शिरेतून दिलं तर अंगाचा रक्तदाब पडायची भीती. तरीही देतात, मीही नको म्हणत नाही. पण 'स्वस्त आहे, द्या' इतकं सोपं नाही.

त्र्यंबकनाका
मग गर्भातच फुप्फुसं सुधारावीत म्हणून सिल्डेनाफिल आईलाच का देत नाहीत?

म्हसरूळकर
नेदरलँड्समध्ये वाढ खुंटलेल्या गर्भांसाठी आईला दिलं होतं. आजार वेगळा, औषध हेच. २०१८ मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली. औषध घेतलेल्या मातांच्या बाळांत फुप्फुसांचे त्रास आढळले आणि ११ बाळं दगावली. घाई नको.

सुरगाण्याची लेक
तुम्ही सगळे बाळ जन्मल्यानंतरचं बोलताय. आमच्याकडे पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी कितीजणींची होते? माझ्या जावेची पहिली सोनोग्राफी सातव्यात झाली, तीही दिंडोरीला जाऊन. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत भोक दिसलं तर आईला आधीच मुंबईला नेता येतं. इगतपुरी ते आमणे समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये सुरू झाला, घाटाचं रडगाणं थोडं कमी झालं. पोटातलं बाळ न्यायला आईसारखी अ‍ॅम्ब्युलन्स नाही. जन्मल्यावर व्हेंटिलेटरसकट हलवणं हा वेगळाच जीवघेणा प्रकार.

म्हसरूळकर
+१. वर्गणी त्या सोनोग्राफीसाठी काढा, मी दुप्पट देतो.

रात्रपाळी
ताईंचं शंभर टक्के बरोबर. पण काका, त्यावरून तुम्ही काढलेला अर्थ नाही पटत. सोनोग्राफी होऊनही भोक निसटतं, कळा लवकर येतात, कोणाची मुंबईला जायची ऐपत नसते. ते बाळ इथेच जन्मणार, आणि पहिला तास आमच्याच हातात असणार. मास्कने हवा न फुंकता थेट नळी घालायची, पोट रिकामं करायचं, फुप्फुसांवर जोर न लावता हळुवार श्वास द्यायचा. औषधं त्यानंतर. ती हाताशी नकोतच असं म्हणणं मला मान्य नाही.

म्हसरूळकर
नकोत म्हणालो नाही. नुसता सिलिंडर आणून भागत नाही म्हणतोय. किती पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग गॅस) द्यायचा, रक्तात मेथहिमोग्लोबिन (प्राणवायू वाहू न शकणारं हिमोग्लोबिन) किती साठलंय, आज हृदय कसं आहे, हे रोज बघणारं माणूस नसेल तर गॅस म्हणजे बिलातली आणखी एक ओळ.

रात्रपाळी
माणसं तयार करता येतात, काका. इको मशीन आहे तिथे डॉक्टर नसतो, डॉक्टर आहे तिथे रात्री मशीनची खोली बंद असते. आधी त्या खोलीची चावी मागा.

सिडको_मेडिकल
आणि मिलरिनोन रात्री कुठे मिळेल, तेही विचारून ठेवा. माझ्याकडे नसतं.