ऑनलाइन शिक्षण: तुमच्याकडे काय जमलं, काय फसलं?

२०२० मध्ये शाळा-कॉलेजं बंद झाली, युनेस्कोच्या आकड्यांनुसार जगभरात दीडशे कोटींच्या वर विद्यार्थी घरी बसले आणि बहुतेकांची ऑनलाइन शिक्षणाशी ओळख अशी नाइलाजानेच झाली. पण नंतरही रेकॉर्डेड लेक्चर, ऑनलाइन टेस्ट हे सगळं राहिलंच की. तर लिहा आपापले अनुभव, "दोन्ही बाजू असतात" असलं मोघम नको, नक्की काय झालं ते सांगा.

माझ्यापासून सुरू करते. मुलगी तेव्हा अकरावीत, तिला फायदाच झाला, इंटिग्रेशन डोक्यावरून गेलं की व्हिडिओ मागे नेऊन परत बघायची आणि जे येतं ते दीडपट स्पीडने. वर्गात "सर परत सांगा" म्हणायला ती लाजायची. धाकटा पहिलीत, त्याचं सगळंच उलटं. पेन्सिल कशी धरतोय, अक्षर कुठून गिरवतोय हे बाईंना स्क्रीनमधून दिसणार कसं? ते मीच शेजारी बसून बघायचे, म्हणजे शाळा ऑनलाइन आणि बाई मी!

*

मी शिकवतो, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. वर्गात शिकवताना पोरांच्या चेहऱ्यावरून कळतं की गाडी कुठे अडली, मग आपण उदाहरण बदलतो, वेग कमी करतो. स्क्रीनवर नुसते नावांचे काळे चौकोन, "समजलं का?" विचारलं की चॅटमध्ये दोघंतिघं "येस सर" टाकणार, तेही नेहमीचेच. जो मागे पडतो तो गपचूप पडतो आणि ते परीक्षेतच कळतं. मग मी दर थोड्या वेळाने एक छोटा प्रश्न पोलवर टाकायला लागलो, नाव दिसत नाही म्हटल्यावर पोरं बिनधास्त चुकीची उत्तरं देतात, तेव्हा कुठे खरी परिस्थिती कळते.

*

वरच्या सरांचं पटलं, पण मला कमी ऐकू येतं आणि माझ्यासाठी ऑनलाइनच बरं होतं. वर्गात सर फळ्याकडे वळले की ओठ दिसत नाहीत, वाक्य गेलंच. इथे कॅप्शन असतात. तांत्रिक शब्द आला की भलतंच काहीतरी लिहून येतं हे खरं, तरी बरंच हाती लागतं.

*

केमिस्ट्रीवाल्यांना विचारा कुणीतरी! टायट्रेशन (द्रावणात रंग बदलेपर्यंत दुसरं द्रावण थेंबथेंब टाकून मोजायचा प्रयोग) व्हिडिओत बघितलं, रीडिंग आयतं मिळालं, जर्नल पूर्ण. नंतर लॅबमध्ये ब्युरेट, म्हणजे खाली नळ असलेली ती मोजायची काचनळी, हातात आलं तेव्हा नळ किती हळू फिरवायचा तेच कुणाला माहीत नाही, एक थेंब जास्त पडला की रंग गडद आणि परत पहिल्यापासून. हाताने करायचं ते बघून येत नाही, विषय संपला.

*

नोकरी करून शिकतोय. घरी आल्यावर रात्री लेक्चर बघतो, कॉलेजला जाणं मला शक्यच नव्हतं, त्यामुळे हे नसतं तर डिग्रीचा विचारही केला नसता. पण फुकटचे कोर्स मात्र अर्धवट पडलेत सगळे, जिथे सबमिशनची तारीख आहे तोच पुढे सरकतो. तारखेशिवाय कोर्स पूर्ण करणारे कुणी असतील तर कसं जमवता ते सांगा जरा.

*

तारीख नको, सोबत शोधा. आम्ही मैत्रिणी ठरलेल्या वेळी कॉलवर येतो, एकच व्हिडिओ बघतो आणि मग एकीने तो बाकीच्यांना न बघता समजावून सांगायचा. सांगायला आपला नंबर येणार म्हटलं की आपोआप लक्ष लागतं 😄