उत्तर बरोबर आलं, पण उतारा कळला का?

*सोसायटी ग्रुप, कन्नमवार नगर, विक्रोळी*

मानसी, बी-२०३: नमस्कार सगळ्यांना. थोडी मदत हवी होती. सोहमचा घटक चाचणीचा इंग्रजीचा पेपर आज मिळाला. सहावी, सेमी. व्याकरणात १० पैकी ९, उताऱ्यात १० पैकी ३. जूनपासून रोज वर्कशीट सोडवून घेतेय, रात्री झोपायच्या आधी दहा शब्द पाठ करून घेतेय. आणि उताऱ्याला तीन. दिवाळीच्या आधी सहामाही आहे. कोणाला चांगला क्लास माहीत आहे का?

सुनीताताई, ए-१०३: आमची मोठी दोन वर्षं एका क्लासला जात होती. दोन वर्षांत तिने नुसत्या गाळलेल्या जागा भरल्या गं. इज, आर, वॉज, वेअर. एक गोष्ट कोणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतली नाही. पैसे भरायची घाई करू नकोस.

कुलकर्णी, सी-५०१: क्लास नको. घरात इंग्रजी बोला. आम्ही जेवताना मराठी बंद केलंय. कानावर पडलं की येतंच.

शिंदे, बी-१०२: साहेब, आम्हालाच येत नाही तर बोलणार कसं? मी पाचवीत गेल्यावर एबीसीडी शिकलो. पोरगी पुस्तक घेऊन येते, पप्पा याचा अर्थ सांगा म्हणते. तेव्हा जीव कसानुसा होतो.

बाई, ए-४०१: मानसी, क्लासचं जरा थांब. शिंदे, तुमच्याकडेही येते, कारण तुमच्यासारखे पालक मी एकतीस वर्षं पाहिलेत. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा मी मराठी शाळेत इंग्रजीच शिकवत होते. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी इंग्रजी येणारं कोणीच नव्हतं. तरी ती मुलं शिकली.

आधी सगळ्यांनी एक करा. खाली दोन वाक्यांचा उतारा देते. वाचा आणि उत्तरं द्या.

*द मिप झोल्ड अ टारी ब्लिन इन द पोशर. इट वॉज व्हेरी स्लोमी, सो द ब्लिन फ्रुक्ड.*

हू झोल्ड द ब्लिन? व्हेअर? व्हाय डिड द ब्लिन फ्रुक?

तन्वी, ए-३०४: द मिप. इन द पोशर. बिकॉज इट वॉज व्हेरी स्लोमी. बाई, हे शब्द कुठले?

सुनीताताई, ए-१०३: मलाही आली तिन्ही उत्तरं. अर्थ काय पण?

बाई, ए-४०१: अर्थ काहीच नाही, शब्द मी आत्ता बसून तयार केलेत. तन्वी, तुला तीनपैकी तीन गुण आणि उतारा शून्य कळलेला. मुलं वर्षानुवर्षं हेच करतात. प्रश्नात ‘व्हेअर’ दिसलं की उताऱ्यात ‘इन’ शोधायचं आणि ती ओळ उतरवायची. ‘व्हाय’ दिसलं की मागची ओळ बिकॉज लावून लिहायची. तिसरी-चौथीत त्यावर गुण मिळतात, घरात सगळे खूश असतात. सहावीपासून प्रश्न बदलतात, ओळ उतरवून भागत नाही आणि मग अचानक तीन गुण येतात. सोहम काही एकाएकी कच्चा झालेला नाही, मानसी.

मानसी, बी-२०३: बाई, अगदी असंच आहे. त्याची उत्तरं म्हणजे उताऱ्यातल्या ओळी जशाच्या तशा आहेत. मग आता काय करू?

बाई, ए-४०१: आज संध्याकाळी पेपरातला तोच उतारा त्याला तू मराठीत गोष्टीसारखा सांग. मग तेच प्रश्न मराठीत विचार. उत्तरं आली तर अडचण इंग्रजीची आहे. नाही आली तर ऐकलेलं-वाचलेलं जोडायची सवय कमी आहे, मग उपाय वेगळा. कुठे अडतंय ते कळायच्या आधी शंभर वर्कशीट दिल्या तरी उपयोग नाही.

सुनीताताई, ए-१०३: मग व्याकरण सोडूनच द्यायचं का?

बाई, ए-४०१: अजिबात नाही. मिपने ब्लिनला काहीतरी केलं, ब्लिनने मिपला नाही, हे तुम्हाला कशावरून कळलं? वाक्यातल्या जागेवरून. आपण ‘मांजराने उंदराला पकडलं’ म्हणा की ‘उंदराला मांजराने पकडलं’ म्हणा, ‘ने’ आणि ‘ला’ सगळं सांभाळतात. इंग्रजीत तशी सोय नाही. ‘द कॅट कॉट द रॅट’ मध्ये दोघांची जागा बदलली की उंदीरच मांजराला पकडतो. हे व्याकरणच आहे. ते गोष्टीच्या आत शिकवा. गाळलेल्या जागांच्या रांगेत मूल नुसता ठेका पकडतं.

पाटील, सी-३०३, सेक्रेटरी: मध्येच एक सूचना. उद्या सकाळी १० ते १२ टाकी सफाई, पाणी भरून ठेवा. चालू द्या बाई, मीही वाचतोय.

कुलकर्णी, सी-५०१: बाई, तुमचा मान राखून विचारतो. बोलल्याशिवाय बोलायला कसं येणार?

बाई, ए-४०१: बोलायला बोलूनच येतं, तिथे तुमचं बरोबर आहे. रोज अर्धा तास ठरवून इंग्रजीत बोला. पण जेवताना मराठी बंद करू नका, हे मनापासून सांगते. शाळेत काय झालं, मित्र का रुसला, मॅडम का चिडल्या, हे सगळं मूल ताटावर बसल्यावर बोलतं. ‘का बरं चिडल्या असतील?’ असं तुम्ही विचारता आणि ते विचार करायला लागतं. उताऱ्यातल्या ‘व्हाय’ला हीच सवय लागते. येत नसलेल्या भाषेत मूल फक्त येस आणि नो म्हणेल आणि लवकर उठून जाईल.

कुलकर्णी, सी-५०१: लवकर उठून जातो हे खरं आहे. विचार करतो.

*संध्याकाळी*

मानसी, बी-२०३: बाई, केलं. मराठीत पाचही उत्तरं आली, तीही पटापट! मग इंग्रजी उतारा एकेक ओळ करून घेतला. आजोबा आजारी आहेत, मुलगा परगावी आहे असा उतारा. त्यात ‘ही हार्डली एट एनिथिंग’ असं आहे. सोहमने लिहिलंय, आजोबांनी खूप खाल्लं. विचारलं तर म्हणतो, हार्ड म्हणजे जोरात, म्हणजे जोरात जेवले. त्या एका शब्दामुळे पुढचं सगळं उलटं झालं. आजोबा मजेत आहेत असं धरूनच त्याने बाकीची उत्तरं लिहिली.

बाई, ए-४०१: शाब्बास मानसी, नेमकं सापडलं. ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. आता बघ, तू रोज दहा शब्द पाठ करून घेतेस ते कुठले? मॅग्निफिसंट, ट्रेमेंडस असेच ना? मुलं अडतात ती लहान शब्दांवर. हार्डली, अनटिल, अनलेस, ऑल्दो, इन्स्टेड ऑफ. हे शब्द वाक्य फिरवतात, आणि शब्दांच्या यादीत त्यांना कोणी घेत नाही.

‘अनटिल’चंच बघ. आपण म्हणतो, ‘तो येत नाही तोपर्यंत मी जेवणार नाही.’ आपल्या ‘येत नाही’मुळे मुलं लिहितात, ‘अनटिल ही डज नॉट कम’. इंग्रजीत तो ‘नाही’ अनटिलच्या पोटातच असतो, म्हणून नुसतं ‘अनटिल ही कम्स’. मराठीशेजारी ठेवून दाखवलं की एकदाच सांगावं लागतं.

तसंच दुसरं. या ग्रुपवर निम्मे लोक ‘वी आर लिव्हिंग हिअर सिन्स २०१२’ म्हणतील, कारण मराठीत आपण ‘२०१२ पासून राहतो’ असं वर्तमानकाळातच म्हणतो. इंग्रजीला मागे सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं दाखवावं लागतं, ‘वी हॅव बीन लिव्हिंग हिअर सिन्स २०१२’. सुरुवात कधीची ते सांगायचं तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर.

तन्वी, ए-३०४: बाई, मी स्कॉलरशिपला बसले होते तेव्हा दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण होते. सर सांगायचे, आधी प्रश्न वाचा, मग उतारा. वेळ वाचतो.

बाई, ए-४०१: परीक्षेत तसं कर, चालेल. घरी नको. घरी आधी प्रश्न दाखवले की मूल उताऱ्यात शिकारीला निघतं, वाचत नाही. घरी उतारा आधी मोठ्याने वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि काय झालं ते आपल्या शब्दांत सांगायचं. प्रश्न त्यानंतर.

शिंदे, आता तुमचं. यात तुम्हाला इंग्रजी यायची गरजच नाही. मुलीला म्हणा, वाच. मग म्हणा, आता मला मराठीत सांग. ती सांगताना कुठे अडखळते, कुठे गोष्ट जुळत नाही, ते तुम्हाला बरोबर कळेल. तिथे बोट ठेवायचं आणि म्हणायचं, ही ओळ परत वाच. अर्धी शिकवणी तिथेच झाली.

शिंदे, बी-१०२: बाई, एवढं मी करू शकतो. ड्युटीवरून नऊला येतो. आजच बसतो.

बाई, ए-४०१: बसा. एक छोटा उतारा देते, मी वर्गात असेच करायचे.

*रवी क्लोज्ड हिज अम्ब्रेला अँड शुक इट अ‍ॅट द डोअर. हिज ग्रँडमदर पुट अ टॉवेल ऑन द चेअर बिफोर ही सॅट डाऊन.*

पहिला प्रश्न, ‘इट’ म्हणजे काय? दुसरा, ‘ही’ म्हणजे कोण? हे दोन कधीही सोडू नका. ही, शी, इट, दे कोणासाठी आलेत ते सुटलं की उतारा सुटतो. तिसरा, बाहेर पाऊस होता का? पाऊस हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. छत्री मिटली, झटकली, यावरून काढायचं. चौथा, आजीने टॉवेल का ठेवला? माझ्या वर्गात उत्तर यायचं, ‘बिकॉज ही सॅट डाऊन’. ओळ उतरवली! मग मी विचारायचे, तुझ्या आजीने का ठेवला असता? लगेच दहा हात वर. खुर्ची भिजेल म्हणून, बाई! हे त्यांना माहीतच असतं. उताऱ्यात ते वापरायचं असतं हे कोणी सांगितलेलं नसतं.

सुनीताताई, ए-१०३: शब्दांसाठी काय करायचं मग? पाठांतर बंद?

बाई, ए-४०१: दिवसाला तीन शब्द, पण वाक्यासकट आणि रोजच्या जगण्यातले. लोकलच्या घोषणेत ‘विल नॉट हॉल्ट’ ऐकू येतं, तिथे हॉल्ट घ्या. लिफ्टमध्ये ‘इन केस ऑफ फायर’ लिहिलंय, तिथे थांबून विचारा, आग लागलीय का? नाही. लागली तर. बॉरो आणि लेंड मुलं हमखास उलटे करतात, कारण आपण दोन्हीला ‘उसनं’च म्हणतो. मुलाला वाटी देऊन सुनीताताईंकडे साखरेला पाठवा. मागणारा बॉरो करतो, देणारी लेंड करते. दारात उभं राहून शिकलेलं मूल विसरत नाही.

सुनीताताई, ए-१०३: पाठवा, पाठवा. साखर आहे घरात.

तन्वी, ए-३०४: मुलांना मंगूसही सांगा. इंग्रजीने तो शब्द आपल्या मुंगुसावरूनच घेतलाय. अनेकवचन मंगूसेस, मंगीस नाही. आणि मानसीताई, बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत. विज्ञानाचं मराठी आणि इंग्रजी पुस्तक एकच असतं, धडे तेच, चित्रं तीच. मी दोन्ही शेजारी उघडून वाचायचे. डिक्शनरी फार लागायची नाही.

बाई, ए-४०१: तन्वी, हे फार मोलाचं सांगितलंस. त्यात भर घालते. गोष्टींसाठी मुलाच्या इयत्तेपेक्षा एक-दोन वर्षं खालचं पुस्तक घ्या. पानावर दोन-तीनपेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक अजून जड आहे. लाज वाटू देऊ नका, मुलालाही वाटू देऊ नका. सोपं पुस्तक पुरं झालं की मूल दुसरं मागतं.

पाटील, सी-३०३, सेक्रेटरी: जुनी गोष्टींची पुस्तकं हवी असतील तर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर बघा. आणि बाई, तुम्ही हो म्हणत असाल तर शनिवारी ५ ते ६.३० सोसायटी ऑफिस मुलांसाठी उघडं ठेवतो. किल्ली वॉचमनकडे राहील.

बाई, ए-४०१: हो. आनंदाने. फी वगैरे काही नाही. प्रत्येकाने आपलं इंग्रजीचं पुस्तक, एक वही आणि पेन्सिल आणायची. वर्कशीट आणू नका. आणि आई-बाबांपैकी एकाने पहिल्या शनिवारी पंधरा मिनिटं बसायचं, म्हणजे घरी कसं विचारायचं ते दिसेल. तन्वी, तू लहान मुलांना घेशील?

तन्वी, ए-३०४: घेते बाई. पहिली ते चौथी माझ्याकडे.

मानसी, बी-२०३: सतरंज्या मी आणते. खूप खूप आभार बाई 🙏

कुलकर्णी, सी-५०१: आमचाही येईल. मीही बसेन.

शिंदे, बी-१०२: बाई, उशीर झाला, माफ करा. पोरीने छत्रीवालं बरोबर सांगितलं, टॉवेलचंही. मग तिने तिचं पुस्तक काढलं. आता ‘अनलेस’वर अडलीय आणि झोपायला तयार नाही.

बाई, ए-४०१: अनलेस म्हणजे ‘जर तसं झालं नाही तर’. तिला हे वाक्य द्या. ‘वी विल प्ले डाऊनस्टेअर्स अनलेस इट रेन्स.’ आणि विचारा, पाऊस पडला तर खाली खेळणार का? मी जागी आहे, कळवा.

शिंदे, बी-१०२: नाही म्हणाली. पाऊस नसेल तरच खाली, पडला तर जिन्यात खेळू म्हणाली.