तीव्र, संहत की सांद्र? द्रावणाविषयी एक अडचण

अनुवादिका: प्रयोगशाळेतील सुरक्षिततेविषयीच्या पुस्तिकेचे मराठी भाषांतर करताना मी एका वाक्यापाशी दोन दिवस अडकून पडले आहे. आशय असा, की भरपूर पाणी घातलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लापेक्षा जवळजवळ निर्जल ॲसेटिक आम्ल कातडीला अधिक इजा करू शकते. मी लिहिले, 'तीव्र आम्लाच्या सौम्य द्रावणापेक्षा सौम्य आम्लाचे तीव्र द्रावण अधिक घातक ठरू शकते.' मोठ्याने वाचल्यावर माझे मलाच ते उमगेना. शाळेत आमच्या बाटलीवर 'तीव्र' असे लिहिलेले असे आणि त्याचा अर्थ 'पाणी कमी' एवढाच आम्ही घेत होतो. संपादकांनी मात्र तीव्रता हा आम्लाचा गुण आहे, द्रावणाचा नव्हे, असे सांगून तो शब्द खोडला. मग द्रावणासाठी कोणता शब्द वापरावा?

खडूफळा: संपादकांचे म्हणणे योग्य आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाचे पाण्यात जवळजवळ पूर्ण आयनीभवन होते, म्हणजे त्याचे रेणू फुटून विद्युतभारित कण (आयन) होतात, म्हणून ते तीव्र. ॲसेटिक आम्लाच्या 0.1 मोलर द्रावणात (लिटरभर द्रावणात 0.1 मोल; मोल हे रेणूंच्या मोजणीचे एकक) मात्र शंभरांतल्या जेमतेम एक-दीड रेणूंचे आयनीभवन होते, म्हणून ते सौम्य. पाणी किती घातले हा प्रश्न निराळा असून त्यासाठी 'संहत' (पाणी कमी) आणि 'विरल' (पाणी भरपूर) ही जोडी आहे. 'तीव्र आम्लाचे विरल द्रावण' आणि 'सौम्य आम्लाचे संहत द्रावण' असे लिहा, वाक्य लगेच सुटेल.

धातुपाठ: 'संहत' मला फार आवडतो. सम् आणि हन् यांपासून तो झाला आहे, आणि 'घन' व 'संघ' हे शब्दही त्याच हन् धातूचे आहेत. कण एकमेकांना भिडून दाटीवाटीने उभे आहेत हे चित्र त्यात आपोआप येते. 'सांद्र' म्हणजे दाट, आणि तिथे घोटाळा होतो, कारण संहत हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यासारखेच पातळ वाहते. तेलासारखे जड ओतले जाते ते संहत सल्फ्युरिक आम्ल.

दुभाषी: मला हे पटत नाही. हिंदीत 'सांद्रता' रूढ आहे आणि तिथे 'संहति' हा शब्द वस्तुमानासाठी वापरतात. दोन्ही भाषांतली पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्याने काय करावे?

धातुपाठ: मराठीत वस्तुमानाला 'वस्तुमान' हा स्वच्छ शब्द असताना शेजारच्या भाषेतली अडचण आपण का ओढवून घ्यावी?

प्रयोगवही: तीस वर्षे प्रयोगशाळेत काढली, पण टेबलापाशी 'संहती' म्हणणारा माणूस मला भेटला नाही. सगळे 'कॉन्सन्ट्रेशन किती?' असेच विचारतात आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. खरी चूक घडते ती 'टक्के' या शब्दापाशी. नोकरीच्या सुरुवातीला मला वस्तुमानाने 20 टक्के मिठाचे द्रावण हवे होते. सहकाऱ्याने 100 ग्रॅम पाण्यात 20 ग्रॅम मीठ विरघळवले. द्रावण भरले 120 ग्रॅम आणि मीठ निघाले 16.7 टक्के! दिवसभराची सगळी निरीक्षणे वाया गेली. दोष त्याचा नव्हता, मी 'पाण्यात 20 टक्के' असे म्हणालो होतो. '100 ग्रॅम पाण्यात' आणि '100 ग्रॅम द्रावणात' यांतला फरक आपण बोलताना गिळून टाकतो. मोलॅरिटी आणि मोलॅलिटी यांचेही तेच आहे. विरघळलेल्या पदार्थाचे मोल मोजताना पहिलीत लिटरभर द्रावण धरायचे, दुसरीत किलोभर द्रावक, म्हणजे ज्यात पदार्थ विरघळतो तो द्रव, आणि तापमान वाढून द्रावण फुगले की पहिली बदलते, दुसरी बदलत नाही.

दुभाषी: एका अक्षराच्या फरकावर एवढा भेद टांगलेला असताना तरी मराठी शब्द घडवायला नकोत का?

खडूफळा: घडवताना जपून घडवावेत. नॉर्मॅलिटीला, म्हणजे संहतीच्या आणखी एका मापाला, 'प्रसामान्यता' म्हणतात, आणि विद्यार्थी त्यात 'सामान्य' काय आहे ते शोधत बसतो. तिथे हिशेब सममूल्यभाराचा, म्हणजे त्या अभिक्रियेत पदार्थाचा किती भार दुसऱ्याच्या बरोबरीचा ठरतो याचा, असतो. पोटॅशियम परमँगनेटचे एकच 1 मोलर द्रावण आम्लयुक्त माध्यमात 5 नॉर्मल ठरते आणि उदासीन माध्यमात 3 नॉर्मल. नावात 'सममूल्य' असते, तर हे निदान सुचले तरी असते.

धातुपाठ: घडवण्याची गरज नेहमीच नसते, काही शब्द आपल्याकडे पडूनच आहेत. पीपीएमला (दहा लाख भागांत किती भाग) 'दशलक्षांश' सहज म्हणता येईल. अब्ज म्हणजे एकावर नऊ शून्ये, त्यामुळे पीपीबीला (अब्ज भागांत किती भाग) 'अब्जांश'. त्यापुढच्या पीपीटीसाठी एकावर बारा शून्यांचा 'महापद्म' आपल्या जुन्या संख्यानामांत आहेच, तेव्हा 'महापद्मांश' का नको?

प्रयोगवही: कारण अहवाल वाचणाऱ्याला तो पुन्हा शून्यांत मोजावा लागेल. विरल जलीय द्रावणासाठी मी सरळ 'लिटरला इतके मिलिग्रॅम' असे लिहितो. तिथे 1 पीपीएम म्हणजे जवळजवळ लिटरला 1 मिलिग्रॅमच, आणि कशात किती हे वाक्यातच सांगितले जाते.

धातुपाठ: हे वर्णन झाले, संज्ञा नव्हे. तक्त्याच्या मथळ्यात आपण काय लिहाल?

अनुवादिका: 'संहत' आणि 'विरल' घेतले, मनापासून आभार. पण आता संपादक म्हणतात की आम्लाला 'सौम्य' म्हटले की वाचकाला ते निरुपद्रवी वाटेल, म्हणून 'क्षीण' लिहा. खडूफळा सर, आपण वर्गात कोणता शब्द वापरत होता?