टेस्टिंगचा पेपर शेवटच्या वर्षाला कशाला? (सांगली-मिरजेच्या कॉम्प्युटरवाल्यांनी बोला)

कृष्णाकाठ: आमच्याकडं पोरं टेस्टिंग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधणं, शेवटच्या वर्षाला शिकतात, तेही पाठ करून. ब्लॅक बॉक्स (आतला कोड न बघता तपासणं), व्हाइट बॉक्स (कोड बघून तपासणं), दोन्हींतला फरक लिहा. माझं म्हणणं, हा पेपर काढून टाका आणि पहिल्या वर्षाच्या सी भाषेच्या प्रॅक्टिकलपासूनच शेजाऱ्याचा प्रोग्राम पाडून, म्हणजे तो कुठं चुकतो ते दाखवून दिलं की मार्क द्या.

उदाहरण घरचंच घ्या. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. आकडा टाकला की 'इशारा' किंवा 'धोका' दाखवणारा प्रोग्राम कुणीही लिहील. आता बरोबर ४० टाका, बरोबर ४५ टाका. 'पेक्षा जास्त' लिहिलंय की 'तितकं किंवा जास्त', तिथंच उघडं पडतं. पुढची गंमत बघा, आपण पाणी फूट-इंचात सांगतो. ४४ फूट ५ इंच कुणी ४४.५ टाकणार, १० इंच झालं की ४४.१०. पाणी पाच इंच चढलं, प्रोग्राम म्हणतो उतरलं!

विश्रामबागचा मास्तर: एकदा लॅबवर या. पोरांचा फॉर लूप अजून बसलेला नसतो आणि तुम्ही टेस्ट केस (काय टाकलं की काय यायला हवं, ते) मागताय. एकानं लिहिलेल्या सगळ्यांच्या जर्नलात दिसतील. शिवाय पेपर काढला की विषय संपला. टाइमटेबलात नाव नाही ते कुणी शिकवत नाही.

कृष्णाकाठ: सर, प्रत्येकाला वेगळा प्रोग्राम पाडायला दिला तर कॉपी कशाची करणार?

पुणे-सांगली शिवशाही: मी टेस्टिंगमध्येच नोकरी करतो. पेपर हवाच. १९९६ चं एरियन ५ रॉकेट घ्या. एरियन ४ च्या दिशा-स्थिती मोजणाऱ्या यंत्रात चोख चाललेला कोड तसाच उचलला, ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही, ४० सेकंदांच्या आत रॉकेट गेलं. त्या यंत्राच्या स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे त्यानं काय करायचं हे आधी लिहून दिलेल्या कागदात, एरियन ५ चा मार्गच धरलेला नव्हता. तुमचा फूट-इंचाचा घोळही त्यातलाच: आकडा कशात टाकायचा हे आधी कुणी लिहून दिलं होतं का? स्पेसिफिकेशनमधली भोकं शोधणं पहिल्या वर्षाच्या पोराला झेपत नाही हो.

कृष्णाकाठ: फूट-इंचाचं मान्य. पण ती भोकं तुमच्या पेपरात तरी कुठं विचारतात? फरकच लिहायला लावतात ना?

विश्रामबागचा मास्तर: आणि पाडापाडीचे मार्क कोण देणार? बाहेरचा परीक्षक दुपारच्या गाडीच्या घाईत असतो.

कृष्णाकाठ: अंतर्गत मार्कांतून द्या की.

विश्रामबागचा मास्तर: अंतर्गत मार्कांवरून पालक केबिनमध्ये येतात तेव्हा तुम्हीच बसा माझ्या खुर्चीत.