मदत हवी आहे : भाषांतर करणाऱ्यांना डिजिटल बॅज कसे द्यावेत?

मंडळी, आम्ही काही जण मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण करतो. कोड लिहिणाऱ्याचं नाव गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) आपोआप राहतं. मेन्यूतले शब्द तपासत बसणारा किंवा नवख्यांच्या शंका सोडवणारा मात्र कुठेच दिसत नाही. त्यांच्यासाठी ओपन बॅजेस (डिजिटल बॅजचं खुलं मानक) वापरायचा विचार आहे. कोणी, कोणाला, कशासाठी दिला ही माहिती पीएनजी चित्रातच भरता येते, हे फार आवडलं.

अडचण अशी, की या मानकाच्या २.० आवृत्तीत पडताळणी बहुधा आपल्याच सर्व्हरवरच्या जेसन फाइलवरून (बॅजची माहिती ठेवणाऱ्या मजकूर-फाइलवरून) होते. उद्या डोमेनचे पैसे भरायचे राहिले तर जुने बॅज बाद? ३.० मध्ये डिजिटल सहीची सोय आहे, पण ते प्रकरण छोट्या गटाला झेपेल का?

आणि निकष कोणते ठेवावेत? २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या उपक्रमात) टी-शर्टसाठी रीडमीत, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलीत, एखादा शब्द घुसडणाऱ्यांचा पूर आला होता, तसलं नको. कुणी हे केलंय का?